घंटेचा नाद विरेपर्यंत

"डॉक्टर, याला ध्यानाच्या वर्गाला घालू का? अभ्यासात लक्षच नाही हो!" जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसलेला असतो. मी आधी त्यालाच विचारतो, "रात्री किती वाजता झोपतोस रे?" उत्तर बहुतेक वेळा अकरा किंवा साडेअकरा असतं, आणि शाळेची बस सकाळी पावणेसातला येते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. सातच तास झोपणाऱ्या मुलाला डोळे मिटून बसवलं तर ते झोपेल, आणि त्या वेळी त्याला खरी गरज झोपेचीच असते.

म्हणून लक्ष लागत नाही अशी तक्रार असली की ध्यानाआधी तपासणी. फळा नीट दिसतो का, कानाला कमी ऐकू येतं का, हिमोग्लोबिन किती आहे, हे पाहायलाच हवं. बोलता बोलता मूल काही सेकंद एकटक बघत राहतं, हाक मारली तरी त्याला कळत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतं, असं होत असेल तर तो फिट्सचाच एक प्रकार असू शकतो. त्यावर औषध आहे, आणि ते वेळेवर सुरू व्हायला हवं.

हे सगळं ठीक असेल, तर मात्र ध्यानाचा उपयोग होतो, असं मी मनापासून सांगतो. फक्त तो पालकांना वाटतो तिथे होत नाही.

चौथीतली एक मुलगी माझ्याकडे पोटदुखीसाठी येत असे. जंताचं औषध देऊन झालं होतं, लघवी-शौचाची तपासणी झाली होती, सोनोग्राफीही स्वच्छ होती. दुखायचं ते सोमवारी सकाळी आणि चाचणीच्या दिवशी. घरच्यांना ती नाटक करते असं वाटे. ते नाटक नव्हतं. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात, धास्ती बसली की पोटात खरंच कळ येते. तिला मी पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायला शिकवलं आणि आईला रोज रात्री तिच्याबरोबर पाच मिनिटं बसायला सांगितलं. दीड महिन्यानं दोघी आल्या. दुखणं पूर्ण थांबलं नव्हतं, पण मुलगी म्हणाली, "आता दुखायच्या आधीच मला कळतं, की मी घाबरलेय."

मला ध्यानाचा फायदा वाटतो तो हाच. राग किंवा भीती यायची थांबत नाही, पण ती येताना मुलाला दिसू लागते. धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला भाग जेमतेम बदामाएवढा असतो आणि तो लहानपणीच जोरात काम करतो. त्याला आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र विशी उलटेपर्यंत, साधारण पंचविशीपर्यंत, घडत राहतो. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलानं रागात पेन्सिल फेकली, तर त्याला वाईट वळण लागलं असं समजू नका. त्याला थांबण्याचा सराव हवा आहे.

श्वासाचं काम मुलाला प्रत्यक्ष दाखवता येतं. त्याची दोन बोटं त्याच्याच मनगटावर नाडीवर ठेवा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा ठळक असतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते, म्हणून लांब उच्छ्वासानं शरीर शांत होतं. आपलं हृदय आपल्याला थोडं हळू करता येतं, हे बोटांना कळलं की मुलांचे डोळे चमकतात.

संशोधनाबाबत मात्र अतिशयोक्ती नको. चिंता आणि एकाग्रता यांत काही मुलांना थोडा फायदा दिसतो. पण ब्रिटनमधल्या शाळांत ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि वर्गात शिकवलेल्या सजगता-ध्यानाच्या तासांचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मला यात नवल वाटत नाही. वेळापत्रकातला आणखी एक तास म्हणून आलेली गोष्ट मुलं तासापुरतीच करतात. आपल्याकडे राज्य शासनाच्या 'मित्र उपक्रमा'तून अनेक शाळांत आनापान पोचलं आहे, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे नुसतं बघत दहा मिनिटं बसणं. जिथे गुरुजी आणि बाई स्वतः मुलांबरोबर बसतात तिथे ते रुजतं, असं मला वाटतं.

घरी सुरुवात अगदी छोटी करा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला श्वास कळत नाही, पण आवाज कळतो. देवघरातली घंटा एकदा वाजवा आणि नाद पूर्ण विरला की हात वर करायला सांगा. किंवा त्याला उताणं झोपवून पोटावर भातुकलीतली वाटी ठेवा आणि ती वर-खाली होताना बघू द्या. आठ-नऊ वर्षांनंतर श्वास एक ते दहा मोजता येतात. चुकलं की पुन्हा एकपासून. चुकणं हा सरावाचाच भाग आहे, हे त्याला सांगाच, नाहीतर मुलं त्यातही नापास झाल्यासारखी हिरमुसतात. वयाच्या वर्षांइतकी मिनिटं हा माझा अंदाज, त्याहून कमी चालेल. तुम्ही शेजारी बसा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

"मस्ती केलीस ना, आता दहा मिनिटं ध्यानाला बस" असं कधीही म्हणू नका. शिक्षा म्हणून दिलेलं ध्यान मूल आयुष्यभर टाळतं. गुण वाढतील असं आमिषही नको. श्वास कोंडून धरायला लावू नका, कपालभातीसारखे जोराचे प्रकार लहान मुलांकडून करून घेऊ नका. घरात मृत्यू, मारहाण किंवा अपघात पाहिलेल्या मुलाला डोळे मिटले की तेच दिसू शकतं. त्याला डोळे उघडे ठेवून झाडाकडे बघू द्या, अनवाणी हळूहळू चालू द्या. नको म्हणालं तर आग्रह करू नका. आणि दम्याचा पंप किंवा अतिचंचलतेचं औषध चालू असेल, तर ध्यान सुरू केलं म्हणून ते स्वतःहून बंद करू नका. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, जेवण-झोप सुटली असेल, मित्रांत मिसळेनासं झालं असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर ध्यानाची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.