डिस्क दिसत नाही? फॉरमॅट करण्याआधी हा पाठ वाचा



मागच्या महिन्यात रात्री दौंडहून एका पालकांचा फोन आला. "सर, टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, छान चालतंय. पण जुन्या कॉम्प्युटरमधली हार्डडिस्क आत बसवली, ती दिसतच नाही. एक जण म्हणतोय फॉरमॅट कर, लगेच दिसेल. करू का?"

मी विचारलं, "डिस्कमध्ये काय आहे?"

"मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ... आणि वडिलांची भजनं. ते आता नाहीत."

"मग कशालाच हात लावू नका. रविवारी शिरूरहून येतो."

त्या रविवारी जे केलं, तोच आजचा पाठ.

मूळ संकल्पना : ओळखणे आणि जोडणे

विंडोजमध्ये प्रत्येक भागाला सी, डी, ई अशी अक्षरं मिळतात. लिनक्समध्ये तसं नाही. तिथे सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फोल्डरला जोडावी लागते. या जोडण्याला 'माउंट' म्हणतात.

दौंडकरांना रेल्वेचं उदाहरण लगेच पटतं. डबा यार्डात उभा आहे, त्याच्या नंबरची नोंदही आहे. पण गाडीला जोडून फलाटावर आणल्याशिवाय प्रवासी चढणार कसे? डिस्कचं अगदी तसंच. 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असं नव्हे.

पायरी १ : केबल तपासा

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. साटा डिस्कला दोन केबल लागतात : अरुंद ७ पिनांची डेटासाठी, रुंद १५ पिनांची विजेसाठी. दोन्ही घट्ट बसवा. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव येतं का बघा. तिथेच नसेल, तर दोष केबलचा, पोर्टचा, बायोसमधल्या सेटिंगचा किंवा डिस्कचा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

पायरी २ : 'डिस्क्स' उघडा

उबुंटू किंवा मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं साधन असतं. डावीकडच्या यादीत सगळ्या डिस्क दिसतात. आमची डिस्क तिथे होती! पालकांचा जीव भांड्यात पडला. भाग निवडून खालचं त्रिकोणी बटण दाबलं की माउंट होतो. त्याच खिडकीत 'फॉरमॅट'ही आहे, तिकडे जायचं नाही.

पायरी ३ : अडलंच तर

आमची डिस्क उघडली, पण फक्त वाचण्यापुरती. कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा एनटीएफएस डिस्कवर लिहायला लिनक्स नकार देतं, कधी उघडतही नाही. हा नकार आपल्या डेटाच्या भल्यासाठीच असतो.

वाचता येतंय ना? मग आधी कॉपी. भजनं सगळ्यात आधी पेनड्राइव्हवर घेतली. त्यानंतरच डिस्क एका विंडोज कॉम्प्युटरला जोडली, 'चेकडिस्क'ने तपासली आणि शिफ्ट दाबून धरून पूर्ण शटडाउन केलं. परत लिनक्सला लावल्यावर लिहिता येऊ लागलं.

पायरी ४ : दरवेळी आपोआप जोडण्यासाठी

'डिस्क्स'मध्ये चाकाच्या चिन्हावर 'एडिट माउंट ऑप्शन्स' आहे. 'युजर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा आणि 'माउंट ॲट सिस्टम स्टार्टअप'वर खूण ठेवा. ही नोंद 'एफएसटॅब' या फाइलमध्ये जाते.

डिस्कची ओळख मात्र यूयूआयडीने द्या. एसडीए, एसडीबी ही नावं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. वर्गात मुलाची बाकावरची जागा बदलते, जनरल रजिस्टरचा नंबर बदलत नाही. यूयूआयडी म्हणजे तो रजिस्टर नंबर.

ऑप्शन्समध्ये 'नोफेल' हा शब्द राहू द्या. नाहीतर उद्या डिस्क काढली किंवा बिघडली, तर कॉम्प्युटर सुरू होतानाच अडून बसेल.

जेलीफिन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना : तो स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो. डिस्क जोडलेली असूनही त्यात फोल्डर रिकामं दिसलं, तर त्या युजरला वाचण्याची परवानगी आहे का ते बघा.

मुलांना काय शिकवाल?

सातवी-आठवीच्या मुलांना हा क्रम वहीत लिहायला सांगा : वीज, केबल, बायोस, डिस्क्स, माउंट, परवानगी. अडचण नेमकी कोणत्या पायरीवर आहे हे शोधायचं, मगच उपाय. गणितात उत्तर चुकलं तर आपण पूर्ण पान फाडत नाही, चुकलेली पायरी शोधतो. इथेही तेच.

आणि एक शेवटचं. आत बसवलेली एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. दौंडच्या त्या घरात आता भजनं दोन ठिकाणी आहेत. मी निघालो तेव्हा टीव्हीवर आजोबांचा आवाज सुरू होता, आणि धाकटी नात पहिल्यांदाच तो ऐकत होती.