ईमेलची सही: एकदा लावली म्हणजे काम झालं, असं नाही!

ईमेलला सही, म्हणजे सिग्नेचर, कुठून लावायची हे आजच्या व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे जरा पुढचं बोलू. सही लावल्यावर ईमेलचं ॲप तिचं नेमकं काय करतं? आणि त्याने काय करायला पाहिजे?

आधी माझीच फजिती सांगतो. माझं स्टेशनरीचं दुकान. पुण्याच्या एका कंपनीला माल दिला, बिल ३८,४०० रुपयांचं. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, तेव्हा मी लॅपटॉपवरच्या सहीत हौसेने नवं नाव टाकलं. पण बिलाबद्दलचं उत्तर मोबाईलवरून दिलं. त्यात जुनी सही गेली: उस्मानाबाद, आणि दोन वर्षांपूर्वी बंद झालेला नंबर. एकाच व्यवहारात दोन पत्ते, दोन नंबर! अकाउंट्सवाल्यांना वाटलं, मधेच कोणी भामटा घुसला. पेमेंट २३ दिवस अडकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबवलं असतं.

मग चूक कुठे झाली? सही बदलली की सगळीकडे बदलते, असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. जीमेलमध्ये कॉम्प्युटरची सही वेगळी आणि मोबाईल ॲपमधली 'मोबाईल सिग्नेचर' वेगळी. मोबाईलची फक्त साधी अक्षरं घेते, त्यात लोगो बसत नाही.

आता मुद्द्याचं. मेल लिहिताना चांगल्या ॲपने सहीबाबत चार गोष्टी पाळाव्यात.

१. सही डोळ्यासमोर दिसावी. 'सेंड' दाबल्यावर मागून चिकटवलेली सही म्हणजे न वाचता मारलेला शिक्का. लिहितानाच दिसली तर चूक तिथेच सापडते, आणि नको असेल तर खोडताही येते.

२. उत्तरात सही आपल्या मजकुराच्या लगेच खाली यावी. जीमेल उत्तर देताना सही जुन्या मजकुराच्याही खाली टाकतं, म्हणजे ती तीन ठिपक्यांच्या मागे लपते. समोरचा तिथपर्यंत जातच नाही. सेटिंगमध्ये सहीच्या खालीच यासाठी एक चौकोन आहे, त्यावर टिक करा. मग सही जुन्या मजकुराच्या वर येते आणि तिच्या आधीची '--' ही रेघही जाते. ही रेघ उगाच नाही बरं का. दोन डॅश आणि एक स्पेस म्हणजे 'इथून पुढे सही', ही इंटरनेटची जुनी खूण आहे. ती ओळखणारी ॲप्स उत्तर देताना समोरच्याची सही आपोआप गाळू शकतात.

३. नव्या मेलला पूर्ण सही, उत्तराला छोटी. दहा वेळा मेलामेली झाली आणि दहा वेळा लोगो-पत्ता गेला, तर कामाचं वाक्य शोधावं लागतं. जीमेलमध्ये एकापेक्षा जास्त सह्या ठेवता येतात. नव्या मेलला कोणती आणि उत्तराला कोणती, हे वेगवेगळं निवडता येतं.

४. पत्ता बदलला की सही बदलावी. घरचा मेल आणि दुकानाचा मेल एकाच ठिकाणाहून पाठवत असाल, तर शाळेच्या बाईंना दुकानाचा जीएसटी नंबर जायला नको.

सही किती मोठी असावी? १९९५ साली आलेल्या आरएफसी १८५५ या इंटरनेट शिष्टाचाराच्या कागदात चार ओळींचा अंदाज दिला आहे. आजही तो पुरतो. नाव, दुकान, चालू नंबर, पत्ता. बस्स!

पत्त्याबाबत आपल्या जिल्ह्यापुरती एक खास सूचना. जीएसटी प्रमाणपत्रावर अजून जुनं नाव असेल, तर सहीत 'धाराशिव (जुने नाव उस्मानाबाद)' आणि पिनकोड, असं लिहा. बाहेरगावच्या माणसाला ही दोन गावं वाटतात. नावाचा अभिमान असू द्या, पण बिल आणि सही जुळली पाहिजे.

आता वाचून सोडून देऊ नका. आजच पाच मिनिटं काढा:

– कॉम्प्युटरवरून स्वतःलाच एक नवा मेल पाठवा.
– त्याला कॉम्प्युटरवरूनच उत्तर द्या.
– मग मोबाईलवरूनही उत्तर द्या.
– तिन्ही सह्या शेजारी ठेवून वाचा आणि त्यातल्या नंबरवर खरंच फोन लावून बघा.

दुकानाच्या पाटीवर चुकीचा नंबर असता तर आपण दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावलं असतं. सही हीसुद्धा पाटीच आहे. फरक इतकाच, की ही पाटी गिऱ्हाईक वाचतं आणि आपण वाचत नाही.

भेटू पुढच्या धड्यात!