‘बाबा, आधी टक् असा आवाज येतो’

नागपुरात घरीच माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका. कॉम्प्युटर घरात एकच. दिवसा माझा, रात्री जेवणानंतर मुलाचा. दहावीची परीक्षा झाली आणि कबूल केल्याप्रमाणे मी त्याला ग्राफिक कार्ड आणून दिलं, आरटीएक्स ३०६०. आठवडाभरात तक्रार सुरू झाली. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत कॉम्प्युटर बंद. निळा स्क्रीन नाही, काही सूचना नाही. एका क्षणात सगळं काळं आणि पंखे थांबलेले.

माझ्या कामात तो दिवसभरात एकदाही बंद पडत नव्हता. त्यामुळे मी मनाशी ठरवूनच टाकलं की दोष गेमचा, म्हणजे मुलाचा. त्याला नको तेवढं बोललो. तो बिचारा एवढंच सांगत राहिला, ‘बाबा, आधी टक् असा आवाज येतो. मग बटण दाबलं तरी चालू होत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागतं.’ निदान तीन वेळा त्याने हे सांगितलं. बिघाडाचं सगळं उत्तर त्या बोलण्यात होतं आणि मी ते कानाआड केलं.

मे महिना होता, पारा ४५च्या आसपास. भेटेल तो म्हणायचा, गरम होत असेल. मीही तेच धरून बसलो. ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, कॅबिनेटला दोन पंखे वाढवले. यातलं काही वाईट नव्हतं, पण बंद पडणं थांबलं नाही. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘कर्नल-पॉवर ४१’ची लाल नोंद दाखवली आणि म्हणाला, ‘भाऊ, विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल.’ आज मला ठाऊक आहे की ती नोंद कारण सांगतच नाही. मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. प्लग उपटला तरी तीच नोंद येते. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला कोलमडल्याची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही असं समजावं आणि आधी विजेकडे बघावं. आमच्याकडे शून्यच होता.

फॉरमॅट झालं. पाचव्या दिवशी पुन्हा बंद. त्या रात्री एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ६४ पानांची फाइल मी उघडीच ठेवून उठलो होतो. मशीन चालू केलं तेव्हा ती उघडेना. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. दोष कळेपर्यंत मशीनला खेळाचा ताण द्यायचाच नाही आणि कामाच्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्यायच्या, ही साधी गोष्ट मी पाळायला हवी होती.

वळण आलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. दुधाचा हिशेब करताना लिटरच्या आकड्यांखाली पेन्सिलीने लिहिलेलं बारीक अक्षर दिसलं: ‘९.४०, टक्, १२ मि.’ मुलगा गेला महिनाभर नोंद ठेवत होता. मे महिन्याचं पान, मग जूनचं. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला, खोली गार झाली, पंखा बंद ठेवून झोपण्याइतकी. तरीही आकडे तेच: ११ मि., १४ मि., ९ मि. उष्णतेचा प्रश्न असता तर हे आकडे वाढायला हवे होते.

मग त्याला शेजारी बसवून मी पहिल्यांदा नीट विचारलं. बंद पडण्याआधी गेम अडखळतो का? नाही. पंख्यांचा आवाज वाढतो का? थोडासा. तापमान? त्याने एचडब्ल्यूइन्फोची नोंदही ठेवली होती: प्रोसेसर ७४ अंश, कार्ड ७०. आमच्या आय५-१०४०० प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तापलेलं मशीन आधी स्वतःचा वेग कमी करतं, चित्र अडखळू लागतं, पंखे ओरडतात आणि अगदी शेवटी ते बंद होतं. आमचं मशीन ऐन भरात असताना बंद पडत होतं. वर मागचा स्विच बंद करून थांबल्याशिवाय ते उठतही नव्हतं. म्हणजे एसएमपीएसने, मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याने, स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडलेला असतो आणि वीज काढून घेतल्याशिवाय तो कुलूप सोडत नाही.

खात्रीसाठी एक बिनखर्ची चाचणी केली. गेमचा फ्रेम रेट ६०वर बांधला आणि कार्डाची वीज-मर्यादा सॉफ्टवेअरने ७० टक्क्यांवर आणली. मशीन तासभर चाललं. मर्यादा काढली, अकराव्या मिनिटाला टक्. यूपीएस बाजूला काढून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली, तरी तेच. ही पायरी कुणी गाळू नये. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच झेपवतो आणि पुष्कळदा गुन्हेगार तोच निघतो. बंद पडताना मॉनिटरही गेला आणि यूपीएस किंचाळला, तर आधी त्याच्यावर संशय घ्या.

मग कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरात ५०० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. एकटं कार्ड १७० वॉट घेतं, क्षणभर त्याहूनही बरंच जास्त. प्रोसेसरवर ६५ लिहिलेलं असलं तरी जोर लावला की तो शंभरच्या वर जातो. पत्रिका जुळवताना कार्ड जवळपास झोपलेलं असतं, म्हणून माझं काम बिनबोभाट चालायचं.

त्याहून भीतीदायक गोष्ट पुढे होती. त्या एसएमपीएसला कार्डासाठीची आठ पिनांची वायरच नव्हती. दुकानदाराने मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या जोडाचा कन्व्हर्टर लावून दिला होता. तो ओढला तर निघेना. हलवून हलवून काढला, तेव्हा पिवळ्या वायरीभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं दिसलं. नाकाशी नेलं तर जळक्या बोर्डाचा वास. आठ पिनांच्या जोडातून १५० वॉटपर्यंत वीज वाहू शकते. तो भार एका जुन्या मोलेक्सवर टाकला होता, आणि माझा मुलगा त्याच्याजवळ रोज रात्री बसत होता. तो कन्व्हर्टर हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

नवीन एसएमपीएस ६५० वॉटचा घेतला, त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात ५४ अँपिअर आहेत. तुम्ही घ्याल तेव्हा हाच रकाना आधी बघा, खोक्यावरचा मोठा आकडा नंतर. सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. जोड सारखे दिसतात, पण पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते आणि एका चुकीत बोर्ड किंवा डिस्क जळते. कार्डाला आठ पिनांचे दोन जोड असतील तर दोन स्वतंत्र वायरी ओढा. जुना एसएमपीएस कुतूहल म्हणूनही खोलू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ तीनशेहून अधिक व्होल्ट धरून असू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. मी पेस्ट आणि पंखे एकाच संध्याकाळी बदलले. त्यातून सुधारणा झाली असती तरी कशामुळे, ते कळलं नसतं. दुकानात नेताना ‘बंद पडतो’ एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी, कोणत्या कामात, आवाज आला का, मॉनिटरचा दिवा राहिला का, परत कसा उठला, हे कागदावर द्या. आणि घरातलं जे माणूस त्या मशीनसमोर सर्वांत जास्त बसतं, त्याला आधी विचारा, मग ते पंधरा वर्षांचं का असेना.

मी मुलाची माफी मागितली. स्मरणिका पुन्हा जुळवायला अकरा दिवस लागले. प्रुफं त्याने वाचली, आणि त्या रात्रींत कॉम्प्युटर आम्ही वाटून घेतला: साडेनऊपर्यंत पानं, मग गेम.