इंधनाची पदवी शोधू नका

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "हरित इंधनात म्हणे खूप स्कोप आहे. त्याची पदवी कुठे मिळते?" माझं उत्तर त्यांना फारसं रुचत नाही. तशी पदवी शोधूच नका. केमिकल इंजिनिअरिंग करा, नाहीतर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. व्हा. पहिली नोकरी बहुधा आपल्याच साखरपट्ट्यात, इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीत मिळेल.

डिस्टिलरीत फर्मेंटरमध्ये मळी आणि यीस्ट फसफसत असतं. रात्रपाळीचा केमिस्ट नमुना काढतो, हायड्रोमीटरनं घनता बघतो, तापमान चढू लागलं की थंड पाणी वाढवतो. उष्म्यानं यीस्ट मान टाकतं आणि उतारा घसरतो. 'पोरगी दारूच्या कारखान्यात पाठवायची का?' म्हणणाऱ्या आजींनी ध्यानात घ्यावं, घरच्या स्कूटरच्या पेट्रोलमध्येही आता हेच इथेनॉल असतं, 20 टक्क्यांपर्यंत.

आता खरी गंमत. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर 92 ग्रॅम इथेनॉल मिळतं आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. जवळजवळ निम्मा माल वायू होऊन जातो! हा वायू बऱ्यापैकी शुद्ध असल्यानं पकडायला सोपा. हायड्रोजनशी संयोग घडवला की त्याचं मिथेनॉल होतं; आइसलँडमध्ये भूऔष्णिक केंद्राच्या वायूपासून ते 2012 पासून बनवलं गेलं. घोडं अडतं हायड्रोजनच्या किमतीपाशी. त्यामुळे इथे आज संशोधन आहे, नोकऱ्या मोजक्या. पीएच.डी.ची तयारी असेल तरच या वाटेला जा.

भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा पानिपतचा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. तिथे पेंढा वेळेवर गोळा करणं हेच मोठं काम. कृषी पदवीधरांनी याकडे बघावं.

धोकाही सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये, ऐन गाळप हंगामात, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. नंतर ती सैल झाली. हा धंदा सरकारी धोरणावर चालतो. म्हणून औषध किंवा अन्नप्रक्रिया उद्योगातही चालेल असंच शिक्षण घ्या. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी, केमिकल इंजिनिअरिंगसाठी उत्तम. बी.एस्सी.नंतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधले मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम बघा.

फी भरण्याआधी हंगामात जवळच्या कारखान्याची डिस्टिलरी मुलांना दाखवून आणा. मळीचा वास आणि रात्रपाळी मानवणार असेल, तरच अर्ज भरा.