जुन्या जीपची काच बदलताना भाव कसा सांगाल?

मित्रांनो, व्हिडिओत पाहिलंत ना? नवं रबर काचेवर चढवायचं, बाहेरच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकाने आतून दोरी ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळव्याने काच दाबायची. काम जमतं. पैसे बुडतात ते रबराखाली! महिंद्राच्या जुन्या जीपचं रबर कापून काढलं की बऱ्याचदा गंजलेला पत्रा निघतो. त्यावरच काच बसवली, तर पहिल्या पावसात गिऱ्हाईक परत दारात. म्हणून काच, रबर, मजुरी यांचा भाव आधी सांगा. पत्र्याचा मात्र रबर निघाल्यावर, फोटो पाठवून. ‘जुनंच रबर लावा’ म्हणणाऱ्याचं काम घेऊ नका. कडक रबर वळत नाही, मग आपण जोर लावतो. मी एकदा लावला होता. दुसरी काच माझ्या खिशातून आणली.