दर्यातले पाहुणे

मुलांनो, 'दरिया' हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे चांगला माहीत आहे. आपण नदीला दरिया म्हणतो. सारंगखेड्याच्या पुलावरून खाली दिसणारी तापी म्हणजे आपल्या घरचा दरिया. मराठीतही हा शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ मोठा झाला आहे. कोकणात 'दर्या' म्हणजे समुद्र. तिकडे होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. हा शब्द ऐकताच तुम्हांला 'नाखुदा' आठवला असेल. तोच तो!

आपली तापी मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. त्याच समुद्राच्या काठाने बरेच दक्षिणेला गेले, की रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुका लागतो. मुरूड, कर्दे, हर्णै ही तिथली किनाऱ्यावरची गावे. पावसाळा संपला, समुद्र शांत झाला, की येथून पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्यासाठी सकाळी होड्या निघतात.

एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन हर्णैला गेलो होतो. बहुतेक मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. सुवर्णदुर्ग किल्ला मागे पडला आणि होडी हेलकावे घेऊ लागली, तेव्हा गप्पा आपोआप बंद झाल्या. थोड्या वेळाने होडी चालवणाऱ्या तांडेलाने इंजिनच बंद केले.

"काका, बिघडले का?" आठवीतल्या एका मुलाने घाबरून विचारले.

"बिघडले नाही, पोरा. आता आवाज करू नका. आपण त्यांच्या घरी आलोय."

दहा मिनिटे काहीच घडले नाही. मुले कंटाळली. तेवढ्यात होडीच्या उजव्या बाजूला 'फुस्स' असा आवाज झाला. करड्या रंगाची एक पाठ पाण्यावर आली, वाकली आणि दिसेनाशी झाली. तिच्या मागोमाग दुसरी आली आणि तिला अगदी चिकटून एक लहान पाठ! मुलांना चित्रातल्यासारखी उंच उडी हवी होती. ती काही दिसली नाही. पण तो 'फुस्स' आवाज मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

तो आवाज श्वासाचा होता. श्वास म्हणजे साँस. डॉल्फिन पाण्यात राहतो, पण तो मासा नाही. माशाला कल्ले असतात, त्यामुळे तो पाण्यातला प्राणवायू घेऊ शकतो. डॉल्फिनला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. त्याचे नाक डोक्याच्या वरच्या बाजूला असते. श्वासासाठी त्याला पुन्हा पुन्हा पाण्यावर यावेच लागते. तो गाढ झोपूही शकत नाही. त्याचा अर्धा मेंदू झोपतो, तेव्हा अर्धा जागा राहतो. मादी पिल्लाला दूध पाजते. शेपूट पाहिले तरी फरक कळतो. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो, तर डॉल्फिन वर-खाली.

आपल्या किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी जो डॉल्फिन नेहमी दिसतो, त्याच्या पाठीवर कुबडासारखा उंचवटा असतो. तो किनारा सोडून फार लांब जात नाही. म्हणूनच तो आपल्याला दिसतो आणि म्हणूनच त्याला त्रासही जास्त होतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. डॉल्फिन स्वतः बारीक आवाज काढतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासे शोधतो. पाचसहा होड्या इंजिने घरघरत त्याच्यामागे लागल्या, की त्याला शिकार शोधणे कठीण होते. आम्ही त्या दिवशी असे दृश्यही पाहिले. दोन होड्या शर्यत लावल्यासारख्या आल्या, लोक ओरडू लागले आणि ते छोटे कुटुंब पुन्हा वर आले ते फार दूर. पूर्वी शिडाच्या होड्या वाऱ्यावर चालत. त्यांना हा दोष नव्हता.

डॉल्फिनचाच एक थोरला नातेवाईक म्हणजे देवमासा. उर्दूत आपण 'व्हेल मछली' म्हणतो. मासा नसलेल्या प्राण्याला मासा म्हणण्याची गफलत दोन्ही भाषांनी केली आहे! निळा देवमासा हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी. तो तीस मीटरपर्यंत लांब होऊ शकतो. दोंडाईच्याच्या बसस्थानकात जवळजवळ तीन एस. टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर तेवढी लांबी होईल. त्याला दात नसतात. तो झिंग्यासारखे बारीक जीव पाण्यातून गाळून खातो. तो श्वास सोडतो, तेव्हा पाण्यावर उंच कारंजे उडाल्यासारखे दिसते. ते समुद्राचे पाणी नसते. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते, तसाच तो उच्छ्वास असतो.

एवढा प्राणी आपल्या समुद्रात आहे का? आहे. २०१५ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुणकेश्वरजवळच्या समुद्रात डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना निळे देवमासे दिसले. ही बातमी आनंदाची होती. पण त्याच वर्षी जून महिन्यात रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा वाहून आला आणि मरण पावला.

देवमासा श्वास हवेतूनच घेतो, मग किनाऱ्यावर तो का मरतो? पाण्यात त्याचे वजन पाणी तोलून धरते. वाळूवर मात्र स्वतःच्याच शरीराचा भार त्याच्या फुप्फुसांवर पडतो. उन्हाने कातडी भाजते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे एक पिल्लू असेच वाळूत अडकले. लोक त्याच्यावर पाणी ओतत राहिले, ओले कापड टाकत राहिले. खूप प्रयत्नांनंतर त्याला खोल समुद्रात नेऊन सोडले. पण ते पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि वाचले नाही.

डॉल्फिन आणि देवमासे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची शिकार करणे गुन्हा आहे. पण त्यांना कोणी मुद्दाम मारतेच असे नाही. माशांसाठी लावलेल्या जाळ्यात डॉल्फिन गुंततो, वर येऊ शकत नाही आणि समुद्रात असूनही गुदमरून मरतो. त्याला सोडवायचे तर जाळे कापावे लागते. जाळे महाग असते आणि नाखव्याचे पोट त्यावरच चालते. आपल्याकडे कोणी शेतकऱ्याला म्हणाले, की एका हरणासाठी तुझ्या शेताचे कुंपण तोड, तर तो काय म्हणेल?

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये याचा विचार केला. संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. त्यासाठी प्राणी सोडतानाची छायाचित्रे काढून अर्ज करावा लागतो. म्हणून एक जण सुरीने जाळे कापतो आणि दुसरा मोबाइल फोन धरून उभा राहतो.

स्वाध्याय
'दरिया' आणि 'दर्या' यांच्या अर्थांत काय फरक आहे?
तांडेलाने इंजिन का बंद केले?
वाळूवर आलेला देवमासा का मरतो?
उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द या पाठातून शोधा.