दूध बिल जुळेपर्यंत टूलसाठी पैसे भरू नका

कोल्हापुरात राहून जावा शिकायचं असेल, तर क्लासची फी विचारण्याआधी गावातल्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल समोर घ्या. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि त्यातून वजा होणारी पशुखाद्याची उधारी. मोठ्या कंपन्यांचं बरंचसं सॉफ्टवेअरही असाच हिशेब सांभाळतं.

या बिलाचा प्रोग्राम कोपायलट या एआय टूलकडे मागितला तर दोन मिनिटांत मिळेल. पण त्यात रुपये जावाच्या ‘डबल’ प्रकारात ठेवले असतील तर? त्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. सतराव्या दशांश स्थळी ४ चिकटतो. अशी बिलं पैशापर्यंत पूर्ण करताना एखाद्या पैशाचा फरक पडू शकतो. तिथं दशांश नेमके ठेवणारं ‘बिगडेसिमल’च हवं. त्याहून वाईट म्हणजे, उधारी वजा झाली आणि बिल जमा होण्याआधी वीज गेली तर? दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, हे ‘ट्रान्झॅक्शन’ सांभाळतं. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला टूलची चूक दिसतच नाही. नुकसान मात्र पहाटे उठून दूध घालणाऱ्या बाईचं होतं.

शिकायचं साहित्य फुकट आहे: जावासाठी ओपनजेडीके आणि स्प्रिंग बूट, डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटी खरगपूरच्या प्रा. देबाशिस सामंता यांचा १२ आठवड्यांचा जावा अभ्यासक्रमही फुकट बघता येतो. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे १,००० रुपये. लॅपटॉपची रॅम १६ जीबी घ्या, तिथं काटकसर नको.

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास लावणार असाल, तर सांगितलेल्या फीत १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा. ४०,००० वर तो ७,२०० होतो. तुमच्या कोडमधली चुकलेली ओळ कोण तपासणार, हेही विचारा. नोकरीच्या हमीसाठी जादा पैसे देऊ नका. ‘हप्ते’ म्हणून फायनान्स कंपनीचं कर्ज पुढे केलं, तर सही करू नका. क्लास सुटला तरी हप्ता सुटत नाही.

कोपायलटची मर्यादित मोफत योजना डिसेंबर २०२४ पासून आहे. पुढची महिना १० डॉलरची. घाई नको. २०२५ मध्ये एआय तपासणाऱ्या मेटर (METR) या संस्थेच्या अभ्यासात १६ अनुभवी प्रोग्रामरनी २४६ कामं केली. एआय टूल वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, पण त्यांना वाटत होतं की काम लवकर झालं.

आधी टूल बंद ठेवून बिलाचा प्रोग्राम स्वतः लिहा. संस्थेच्या सचिवांकडून जुनं बिल मागून ताळा घ्या. पैशापर्यंत जुळलं, की मग ते १० डॉलर भरा.